पान ३१४ : एका वाचनसंकल्पाचं प्रकरण

माझ्या ताईने २०२४ साली स्वतःपुरता वाचनाचा एक संकल्प केला होता. वर्षभरात चोवीस पुस्तकं, तिनेच ठरवलेल्या नियमांनी. बक्षीस नाही, स्पर्धा नाही, कुणाची सक्ती नाही. तरीही त्या वर्षात तिचे नियम दोन ठिकाणी मोडले, दोन ठिकाणी मोडता मोडता राहिले, आणि मोडलेल्या दोनपैकी एका ठिकाणी मी तिच्यासोबत होतो. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी बसून तिची वही दुरुस्त केली. त्या वहीचंच हे प्रकरण. ताईला विचारून लिहितोय. "लिही, पण माझं नाव नको घालू," एवढीच तिची अट.

वही आणि नियम

ताई चोपन्न वर्षांची. नागपुरात सुभाषनगरच्या बाजूला राहते, नोकरी एका कार्यालयात. सुभाषनगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, संध्याकाळी तसंच परत. वाचायला वेळ म्हणजे हा प्रवास आणि रात्री जेवणं, भांडी आटोपल्यावर उरेल तो. पुस्तकं विकत घ्यायची हौस मात्र त्या वेळेच्या कितीतरी पुढे. प्रदर्शनं, दीक्षाभूमीवरचे स्टॉल, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे, कुठेच तिचा हात आखडत नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री तिने भाऊजींना स्टुलावर चढवून वरची कपाटं रिकामी करून घेतली. एकदाही न उघडलेली एकसष्ट पुस्तकं निघाली. काहींत दुकानाची पावती तशीच घडी घातलेली होती. भाऊजी काही बोलले नाहीत, नुसता आकडा मोठ्याने म्हणाले. ताईला तो लागला.

त्याच रात्री शंभरपानी वहीत नियम लिहिले गेले. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, चोवीस पुस्तकं. ३१ डिसेंबरपर्यंत घरात आलेली आणि न वाचलेलीच घ्यायची. वर्षभर नवीन पुस्तक विकत घ्यायचं नाही, कुणी भेट दिलं तर चालेल. शंभर पानांपेक्षा लहान पुस्तक धरायचं नाही. पूर्ण वाचायचं, "पूर्ण" या शब्दाखाली दोन रेघा. पन्नास पानांनंतर सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडायचं, पण मोजायचं नाही. आणि किमान सहा पुस्तकं विदर्भातल्या लेखकांची, कारण आपल्याच मातीतलं आपण सगळ्यात कमी वाचतो अशी तिची जुनी खंत आहे.

रकाने पाडले: क्रमांक, पुस्तक, पानं, सुरू, संपलं, शेरा. महिन्याच्या शेवटी मी वही बघून खाली सही करायची असं तिने ठरवलं. मला त्या वेळी हे जरा पोरकट वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. नियम वहीत राहिले, आकडा मात्र बाहेर पडला. पुस्तक संपलं की ताई घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकायची आणि खाली लिहायची, "७ / २४". माझी मुलं टाळ्यांची चिन्हं पाठवायची, पुण्याची भाची "मावशी, तू तर मला मागे टाकणार" असं म्हणायची. भाची स्वतः गुडरीड्स या वाचनाची नोंद ठेवायच्या अॅपवर दरवर्षी असाच आकडा लावते. तिथे आपण मागे पडलो की अॅप सांगतं, "तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात", आणि वर्ष सरत आलं की लक्ष्यच कमी करून घ्यायचीही सोय आहे. ताईच्या वहीत तशी सोय नव्हती.

चार पानांचा प्रश्न

पहिली कसोटी फेब्रुवारीत आली, आणि ती फार स्वच्छ पार पडली. म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

कपाटातलं एक कवितांचं पुस्तक तिने दोन रात्रीत वाचून काढलं. नोंद करायला बसली तर पानं ९६. तिने मला फोन केला. "अरे, चार पानांनी काय होऊन राहिलं? पुस्तक तर अख्खं वाचलं नं मी."

प्रश्न रास्त होता. आपल्याकडची पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेल्या जुडग्यात, छापली जातात. सहा फॉर्म झाले की ९६ पानं, सात झाले की ११२. मधला १०० हा आकडा त्या हिशेबात येतच नाही. म्हणजे ताईने शंभर लिहिलं, पण प्रत्यक्षात तिने ११२ ची अट घातली होती आणि कवितासंग्रह, नाटकं यांचा मोठा भाग एका फटक्यात बाहेर ठेवला होता. हे तिला माहीत नव्हतं. भाऊजींनी तर आणखी भक्कम पुरावा काढला. युनेस्कोने १९६४ साली पुस्तकांच्या आकडेवारीसाठी जी व्याख्या केली, तिच्यात मुखपृष्ठं सोडून किमान ४९ पानं असली की ते पुस्तक, आणि ५ ते ४८ पानं असली तर पुस्तिका. "जगाला एकोणपन्नास चालतात, तुला शहाण्णव चालत नाहीत?" असं ते म्हणाले.

मीही त्यांच्याच बाजूने होतो. नियमाचा हेतू चिल्लर पुस्तिका बाहेर ठेवण्याचा होता, चांगला कवितासंग्रह बाहेर ठेवण्याचा नव्हता. पण ताई म्हणाली, "माझा नियम चुकला हे खरं. पण तो चुकला हे मला पुस्तक वाचून झाल्यावर कळलं. आता बदलला तर मी नियम नाही बदलून राहिली, माझा आकडा बदलून राहिली." तिने वहीचं शेवटचं पान उलटलं, वर लिहिलं "वाचलं, मोजलं नाही", आणि त्याखाली त्या संग्रहाचं नाव घातलं.

मला आजही वाटतं की ती इथे गरजेपेक्षा जास्त कडक वागली. नियम तिचा होता, चूक प्रामाणिक होती, आणि त्याच दिवशी "यापुढे ८० पानं" असं तारीख घालून लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिने धरलेला धागा खरा होता. नियम बदलायचा तर पुढच्या पुस्तकासाठी बदलायचा, हातातल्यासाठी नाही. आणि जी बाई फेब्रुवारीत चार पानांवर अडून बसली, तिनेच मे महिन्यात त्रेचाळीस पानं गिळली. म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं.

ऐकलेल्या पुस्तकाचा प्रश्न मधेच एकदा आला होता. स्वयंपाक करताना तिने एक अख्खी कादंबरी कानाने ऐकली. नियमात "वाचायचं" असं लिहिलं होतं, तिने ती मोजली नाही, वाद झाला नाही. ज्याला ऐकणं धरायचं असेल त्याने आधी तसं लिहून धरावं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला तर तोच वाचनाचा रस्ता आहे.

मे महिना

नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी रस्ते ओस, घरात कूलरचा घों घों आवाज आणि ओल्या टट्ट्यांचा वास. ताईच्या हातात त्या वेळी ६४० पानांची एक जाड ऐतिहासिक कादंबरी होती. जुनी आवृत्ती, बारीक टाइप, पिवळट कागद. तिने एप्रिलच्या शेवटी ती धरली होती. पाच महिन्यांत दहा पुस्तकांचा हिशेब होता, तिची आठच झाली होती. ग्रुपवर तीन आठवडे काही टाकलं नव्हतं. भाचीने विचारलं, "मावशी, अडकलीस का?"

कादंबरीच्या मध्यात एका लढाईचं लांबलचक वर्णन आहे. मोर्चे, तोफा, सरदारांची नावं. ताईला ते पुढे सरकेना. एका रात्री तिने पान २९८ वरून थेट ३४२ वर उडी मारली. गोष्ट पुढे लागली, काही अडलं नाही. २८ मे ला कादंबरी संपली. वहीत नोंद झाली: क्रमांक ९, पानं ६४०, शेरा "पूर्ण". ग्रुपवर फोटो गेला. महिनाअखेरीला मी सही केली.

यात लबाडीचा बेत नव्हता, हे मला नंतर तिच्याशी बोलताना पटलं. उडी मारताना तिने स्वतःला सांगितलं होतं की हे नंतर परत येऊन वाचू. पुस्तक संपल्यावर मन म्हणालं की आता कशाला. "पूर्ण" हा शब्द लिहिताना हात क्षणभर थांबला होता, एवढं तिला आठवत होतं. मग रकाना रिकामा दिसू नये म्हणून तो लिहिला गेला. पन्नास पानांनंतर सोडायची मुभा नियमातच होती. ती घेतली असती तर एक पुस्तक गेलं असतं आणि बाकी सगळं जागेवर राहिलं असतं. पण २९८ पानं वाचलेली. इतकी मेहनत मोजणीतून जाऊ द्यायला जीव होईना.

इथे मला वाचनाबद्दल एक गोष्ट म्हणायची आहे. चालण्याचा संकल्प केला तर पावलं मोजायला यंत्र आहे, उपास केला तर पोटाला कळतं. वाचनाला तसा बाहेरचा साक्षीदार नाही. डोळे ओळींवरून फिरले का, फिरले तर आत काही गेलं का, हे शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. मी दर महिन्याला सही करत होतो ती नेमकी कशाची? ताईने जे लिहिलं ते तिने लिहिलं आहे, एवढ्याचीच.

दीक्षाभूमी

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवसही विजयादशमीचाच, म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र उसळतो. आणि त्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल. दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं, कित्येकांच्या पायात साध्या चपला, आणि परत जाताना हातात पुस्तकांची पिशवी. बाबासाहेबांचे ग्रंथ, संविधानाच्या प्रती, आत्मकथनं, कवितासंग्रह. पुस्तकासाठी अशी रांग मी दुसऱ्या कुठल्या सोहळ्यात पाहिलेली नाही. ताई आणि मी दरवर्षी जातो.

त्या वर्षी ताई हात मागे बांधूनच फिरत होती. एका स्टॉलवर तिला एक आत्मकथन दिसलं, जे ती कित्येक वर्षं शोधत होती. नवी आवृत्ती आली होती. तिने ते उचललं, पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं, ठेवलं, परत उचललं. किंमत ३०० रुपये.

"ताई, मी घेतो," मी म्हणालो. "भाऊबीजेची ओवाळणी समज."

ती हसली. नियमात भेट चालत होती, आणि भावाची ओवाळणी म्हणजे तर भेटीतली भेट. मी पैसे दिले. स्टॉलवरून दहा पावलं गेलो असू नसू, ताईने पर्स उघडली आणि तीनशे रुपये माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले. "मुलांच्या फिया भरून राहिला तू, माझ्यासाठी कशाला खर्च करतो. राहू दे."

मी ते राहू दिले. त्या क्षणी भेट विकत झाली, आणि ती झाली ताईच्या मायेमुळे. भावाला भुर्दंड नको हा तिचा विचार खरा होता. मलाही परत करताना तिला बोल लावल्यासारखं वाटलं असतं. दोघांपैकी कुणालाच काही वावगं केल्यासारखं वाटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खोटेपणा दर वेळी खोट्याचा चेहरा घेऊन येत नाही. कधी तो घरातल्या माणसाच्या काळजीचा हात धरून येतो आणि आपण त्याला पाट मांडून देतो.

पुस्तक तिने बारा दिवसांत संपवलं. मेट्रोत वाचताना सीताबर्डीला उतरायचं विसरली आणि पुढच्या स्टेशनवरून परत आली, इतकी ती त्यात बुडाली होती. २४ ऑक्टोबरला नोंद झाली: क्रमांक १९, शेरा "भेट, भावाकडून". महिनाअखेरीला मी त्याखाली सही केली. मे महिन्यातली सही मी अजाणता केली होती. ही जाणून केली.

जोडलेली पानं

३ नोव्हेंबरला भाऊबीज. ओवाळून झालं, चिवडा-करंज्या झाल्या. निघताना मी ताईच्या कपाटातून ती जाड कादंबरी वाचायला मागून घेतली. मंगळवारी रात्री मी लढाईच्या प्रकरणात पोचलो. मला लढाया आवडतात.

पान ३१३ उलटलं तर पुढे एकदम ३१६. मला वाटलं पान गळालंय. बोट फिरवलं तर कागद जाड लागला. ३१४ आणि ३१५ आतल्या बाजूला होती, उजवी कडा जोडलेली. पुढे ३१८ आणि ३१९ चीही तीच गत. छापखान्यात मोठा कागद घड्या घालून फॉर्म तयार होतो आणि मग तिन्ही कडा यंत्रावर कापल्या जातात. एखादा फॉर्म आत सरकलेला असला तर त्याची घडी कापणीतून सुटते. सोळा सोळाने मोजलं तर ३०५ ते ३२० हा विसावा फॉर्म, आणि त्याच्याच शेवटच्या चार कागदांच्या कडा सुटल्या होत्या. पुस्तक डोळ्यांशी धरून खालून नळीत बघावं तसं बघितलं तर दोन-चार ओळी दिसत होत्या. त्याहून जास्त वाचायचं तर कडा कापणं भाग होतं, आणि घडीवर पात्याचा ओरखडासुद्धा नव्हता.

ते पुस्तक हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. एक मन म्हणालं, चार पानं, सोडून दे. फेब्रुवारीतला फोन आठवला. चार पानांनी काय होऊन राहिलं, हे वाक्य तेव्हा तिने विचारलं होतं आणि उत्तरही तिनेच दिलं होतं.

फोनवर बोलायचं नाही असं ठरवलं. १० नोव्हेंबरच्या रविवारी तिच्याकडे गेलो. भाऊजी बाजारात गेले होते. मी पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि आधी माझं सांगितलं. "ताई, दीक्षाभूमीचं पुस्तक भेट नव्हतं. पैसे तुझे होते. मी सही करायला नको होती." मग ३१४ दाखवलं.

तिने कडेवरून बोट फिरवलं. आधी रागावली. "कोण बघून राहिलं बाप्पा? माझंच पुस्तक, माझीच वही." मी काही बोललो नाही. मग म्हणाली, "तू बघितलं नसतं तर मला कधी आठवलंही नसतं." थोड्या वेळाने उठून चहा टाकला. चहा घेऊन आली ती वही घेऊनच.

दुरुस्ती

दोन प्रश्न होते आणि दोन्हींची उत्तरं वेगळी निघाली.

कादंबरीचं काम सरळ होतं. न वाचलेलं वाचता येतं. ताईने जुनी नोंद खोडली नाही, व्हाइटनरही लावला नाही. शेऱ्याच्या रकान्यात "पूर्ण" वर एक आडवी रेघ मारली, शब्द वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं: "२९९ ते ३४१ वाचलेली नाहीत. १० नोव्हें." मग पट्टी घेऊन बसली. घडीत पट्टी सारून हळूहळू ओढायची, कागद जुना असल्याने कड दातेरी फाटत गेली. पुढच्या चार रात्रीत तिने ती पानं वाचली. २९८ आणि ३४२ सुद्धा, कारण मे महिन्यात ती दोन्ही तिने नुसती चाळली होती. संपल्याची तारीख आता १४ नोव्हेंबर. माझं म्हणणं होतं की पुस्तक मोजणीत परत घ्यावं, कारण नियमात पूर्ण वाचायला सांगितलंय, सलग वाचायला नाही. तिला ते पटायला दोन दिवस लागले. लढाई आवडली का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "पण कोण मेलं ते आता कळलं. शेवटच्या प्रकरणात जी विधवा येते, ती कुणाची बायको हे मला मे मध्ये माहीतच नव्हतं."

आत्मकथनाचं मात्र काही करता येत नव्हतं. मी आता तीनशे रुपये परत दिले तर ते भेट होईल का? मी तसं सुचवून बघितलं. ताईने नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. घेतलं तेव्हा ते विकत घेतलेलं होतं, नंतर पैसे फिरवून ते भेट होत नाही. आणि खरं तर ती आणखी खोलात गेली. "पैसे तूच दिले असते तरी मी ते हातात धरून उभी होती. तुला दिसावं म्हणूनच उभी होती." क्रमांक १९ वर रेघ आली. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, "ऑक्टोबरची सही चुकीची होती," आणि सही केली.

वहीतला आकडा वीसवरून अठरावर आला, कादंबरी परत धरल्यावर एकोणीस. वहीत लिहिणं सोपं होतं. जड गेलं ते ग्रुपवर लिहिणं. ताईने तीनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच टाकलं: "माझी २० नाही, १८ झालीत. एकाची पानं सोडली होती, एक विकत घेतलं होतं." माझ्या मुलाने लगेच लिहिलं, "आत्या, एवढं कोण पाहतं?" भाची बराच वेळ काही बोलली नाही. रात्री तिने ताईला वेगळा फोन केला. तिने त्या वर्षी डिसेंबरात लक्ष्य कमी करायचं मनात ठेवलं होतं, ते सांगायला.

माझं मत असं झालं आहे की ग्रुपवरचा तो मेसेज वहीतल्या दुरुस्तीइतकाच गरजेचा होता. चूक आकड्याच्या बाजूने झाली होती आणि आकडा सगळ्यांना सांगितलेला होता. जिथे शाबासकी घेतली तिथेच ती परत करायची.

सावनेर आणि परतवाडा

डिसेंबरात शेवटची कसोटी आली. विदर्भातल्या लेखकांची पाच पुस्तकं झाली होती, सहावं हवं होतं, आणि दिवस थोडे. कपाटात दोन सोयीची पुस्तकं होती. एक राम गणेश गडकऱ्यांचं नाटक. गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा, गुजरातेत नवसारीचा, पण २३ जानेवारी १९१९ ला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले ते आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. दुसरं गो. नी. दांडेकरांचं. त्यांचा जन्म १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा, पण आयुष्याची मोठी वर्षं तळेगाव दाभाड्यात गेली. एक इथे जन्मला, एक इथे गेला. नियमात नुसतं "विदर्भातले" लिहिलं होतं, आणि दोघांपैकी कुणालाही धरलं असतं तर शब्दाने नियम पाळला गेला असता. सावनेरकर तर गडकऱ्यांना आपलंच मानतात, आणि त्यात काही चूक नाही.

ताईने स्वतःलाच विचारलं: ३१ डिसेंबरच्या रात्री हा नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं? इथे राहून, इथल्या मातीत लिहिणारी माणसं होती. तिने दोन्ही पुस्तकं परत ठेवली आणि ग्रेस यांचा ललितलेखांचा संग्रह काढला, ज्याला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो. ग्रेस नागपूरचे, यात वाद नाही. पण ते पुस्तक भरभर वाचण्यातलं नाही. एकेका परिच्छेदाशी थांबावं लागतं, मागे जावं लागतं. सोयीचं नाटक दोन रात्रीत झालं असतं. याला अठरा दिवस लागले.

३१ डिसेंबरला रात्री साडेअकरा वाजता बावीस पुस्तकं पूर्ण होती. तेविसावं पुस्तक पान १७६ वर होतं आणि साठेक पानं उरली होती. ताईने खूण घालून ते मिटलं. मग नवीन वर्षाचे नियम लिहिले, या वेळी थोडे वेगळे: ऐंशी पानं चालतील, तिने स्वतः सुचवलेलं, दाखवलेलं किंवा ज्याच्यापुढे ती रेंगाळली ते पुस्तक भेट धरायचं नाही, पानं गाळली तर कुठून कुठे ते शेऱ्यात लिहायचं. मला बारा वाजायच्या आधी फोनवर वाचून दाखवले.

ग्रुपवर तिने लिहिलं, "२२ / २४." भाचीने विचारलं, वर्षभरातलं सगळ्यात आवडलेलं कोणतं? ताईने दीक्षाभूमीवरच्या त्या आत्मकथनाचं नाव लिहिलं. ते वाचून झालेलं होतं, म्हणून नवीन वर्षातही धरता येणार नव्हतं. ते वहीच्या शेवटच्या पानावर आहे, ९६ पानांच्या कवितासंग्रहाच्या खाली.